लहान मुलांसोबत रानवाटेवर सायकल: पहिल्या फेरीपर्यंतची तयारी

सोसायटीच्या आवारात झोकात सायकल चालवणारं सहा-सात वर्षांचं मूल टेकडीवरच्या पायवाटेवर आलं की पहिल्या दहा मिनिटांतच अडतं. पालकांना वाटतं, चढावर दम लागला. खरी अडचण बहुधा उतारावर असते. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचत नाहीत, पोचली तरी ओढण्याइतका जोर नसतो, आणि मग मूल चपला घासत थांबायला बघतं. एकदा असं घाबरलं की पुढचे सहा महिने टेकडीचं नाव काढत नाही.

म्हणून सायकल घेताना, सराव करून घेताना आणि वाट निवडताना एकच कसोटी लावा: मुलाला इथे, या वेगात, आपलं आपण थांबता येईल का? बाकी सगळं त्यानंतर. पुढची माहिती साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि पुण्याच्या टेकड्या, सह्याद्रीच्या कडेची रानं, कोकण-गोव्यातले जांभ्याचे सडे अशा वाटा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

सायकल आजच्या मापाची

"वाढतं अंग आहे, एक माप मोठी घ्या" हा सल्ला कपड्यांपुरता ठेवा. मोठ्या सायकलवर मुलाचे पाय टेकत नाहीत, हँडल लांब पडतं आणि ब्रेक त्याहून लांब.

मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे मांडीच्या सांध्यापासूनचं माप. ते 45 ते 52 सेंटिमीटर असेल तर 16 इंची चाक, 52 ते 62 असेल तर 20 इंची, त्यापुढे 24 इंची. सीमेवरचं मूल असेल तर लहान माप घ्या. मधला दांडा दोन्ही पायांत घेऊन मूल उभं राहिलं की दांड्यात आणि अंगात तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. सुरुवातीला सीट इतकी खाली ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही तळवे सपाट टेकतील. चढावर पेडल मारायला ती थोडी खाली वाटेल, चालेल. तोल पक्का झाला की दर वेळी एक-दोन सेंटिमीटर वर घ्या.

दुकानात सायकल एका हाताने उचलून बघा. पुढे-मागे स्प्रिंग लावलेली 20 इंची लोखंडी सायकल 14 किलोपर्यंत सहज जाते. 22 किलोच्या मुलाला ती देणं म्हणजे 70 किलोच्या माणसाला जवळजवळ 45 किलोची सायकल देणं. शिवाय त्या स्प्रिंगा इतक्या कडक असतात की मुलाच्या वजनाने त्या दबतच नाहीत. उरतं ते फक्त वजन. साधा सरळ फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका दांडा, 1.95 इंच किंवा त्याहून रुंद गाठींचे टायर आणि चालणारे ब्रेक एवढं मिळालं तर स्प्रिंगवर एक रुपया घालू नका. गिअर सात वर्षांखाली नसले तरी चालतात. घ्यायचेच तर पुढे एकच चक्री आणि मागे सहा-सात, म्हणजे मुलाला एकाच हाताचा गिअर सांभाळावा लागतो.

आणखी एक आकडा बघा. क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्या दांडीला लावतात तिच्या, आतल्या बाजूला मिलिमीटरमध्ये लांबी कोरलेली असते. ती मुलाच्या उंचीच्या एक दशांशाच्या आसपास असावी: 120 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला 120 ते 130 मिलिमीटर. 150 ची क्रँक असेल तर गुडघा छातीशी येतो आणि खाली आलेलं पेडल दगडाला आपटतं.

घरी आणल्यावर साइड स्टँड, कॅरिअर, बास्केट, पत्र्याचे मडगार्ड काढून टाका. स्टँड लटकता राहिला तर दगडात अडकून सायकल झटक्यात थांबते. चेनकव्हर आणि घंटी मात्र ठेवा. हँडलच्या टोकांचे रबरी ग्रिप फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर ते लगेच बदला, यात चालढकल नको. मूल पडतं तेव्हा हँडल वळतं आणि त्याचं टोक पोटात घुसतं. उघडी नळी असेल तर इजा फार गंभीर होते.

तोल अजून येत नसेल तर आधाराची बारकी चाकं लावून रानात जाऊ नका. वाट एका बाजूला कलली की आधाराचं चाक दगडावर चढतं आणि सायकल आडवी पडते. त्याऐवजी 15 नंबरच्या पान्ह्याने दोन्ही पेडल काढा, सीट खाली करा आणि मुलाला पायाने ढकलत चालवू द्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हे ठाऊक नसलं की माणसं उलट दिशेने जोर लावून आटे खराब करतात.

ब्रेक

इथे अर्धा तास घालवा. मुलाला हँडल नेहमीसारखं धरायला सांगा आणि तर्जनी लिव्हरवर ठेवायला लावा. बोटाचं पहिलं पेर लिव्हरभोवती वळलं पाहिजे. फक्त टोक टेकत असेल तर लिव्हर जवळ आणावी लागेल. बहुतेक लिव्हरच्या बुडाशी, हँडलच्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर ग्रिपकडे सरकते. काहींना चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, काहींना दोन किंवा अडीच मिलिमीटरची ॲलन की. अर्धा-अर्धा आटा फिरवा आणि दर वेळी मुलाचं बोट ठेवून बघा.

लिव्हर जवळ आली की ओढायला जागा कमी उरते, त्यामुळे वायर पुन्हा ताणावी लागते. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि ग्रिप यांत बोटभर जागा राहिली पाहिजे. लिव्हर ग्रिपला टेकली तर ब्रेक लागलेलाच नाही असं समजा. रिमवरचे ब्रेक असतील तर दोन्ही पॅड रिमपासून एक-दोन मिलिमीटरवर असावेत आणि दाबल्यावर पूर्ण रिमवरच बसावेत. वर सरकलेला पॅड टायर कापतो, खाली सरकलेला आऱ्यांत जातो. लिव्हर कडक वाटत असेल तर दोष बहुधा गंजलेल्या वायरीत असतो. नवी वायर आणि नवं आवरण टाकलं की तीच सायकल मुलाच्या दोन बोटांत थांबते. इतक्या थोड्या पैशांत इतका फरक पाडणारं दुसरं काम सायकलवर नाही.

मग तपासणी मुलाकडूनच करून घ्या. त्याने पुढचा ब्रेक दाबून धरावा, तुम्ही सायकल पुढे ढकला: मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला: चाक न फिरता घासलं पाहिजे. कोणती लिव्हर कोणत्या चाकाची तेही मुलाला दाखवा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींवर उजवी लिव्हर पुढची असते, पण सगळीकडे तसं नसतं.

हवा, हेल्मेट आणि कपडे

हवा भरणारा मुलाच्या सायकलमध्येही टायर दगडासारखा कडक करून देतो. तसा टायर खड्यांवर उडतो आणि वळणावर पकड सोडतो. रानवाटेसाठी 20 ते 25 पीएसआय पुरे. साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर दाब मोजता येत नाही, तिथे अंगठ्याने बघा: जोर लावल्यावर टायर तीन-चार मिलिमीटर दबावा, पण मूल सीटवर बसून उसळलं तर रिम जमिनीला टेकू नये.

आपल्या रानात बाभूळ, बोर आणि हिवराचे काटे टायरचे शत्रू. ट्यूबमध्ये आधीच सीलंट, म्हणजे बारीक भोक आतून बुजवणारा द्रव, घालून ठेवा. 20 इंची ट्यूबला साधारण 60 मिली. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हचा आतला भाग पूर्ण बाहेर येतो, त्यामुळे त्यातूनही ते ओतता येतं. सीलंट काही महिन्यांत सुकतं, तेव्हा दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने घाला.

हेल्मेट डोक्याचा घेर मोजून घ्या. भुवयांच्या वर, कानांच्या वरून, टेप फिरवा. सेंटिमीटरमधला तो आकडा हेल्मेटच्या आत लिहिलेल्या मापात बसला पाहिजे. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं. बाजूचे पट्टे कानाच्या पाळीखाली जुळावेत, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. मूल "आ" करून तोंड उघडेल तेव्हा हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून धड दिसत असलं तरी, टाकून द्या. आणि मूल झाडावर चढायला लागलं की आधी हेल्मेट काढा: फांदीत पट्टा अडकला तर गळ्याला फास बसतो.

पूर्ण बोटांचे हातमोजे, मागून बंद असलेले बूट, नाडीची टोकं आत खोचलेली, उजव्या पायाची पँट मोज्यात. गुडघ्यांना पातळ पॅड. ओढणी, लांब कुडता, गळ्यातली दोरी नको. जांभ्यावर आणि मुरमावर पडलं की तळहात सर्वांत आधी सोलवटतो, त्यामुळे एक काही निवडायचं असेल तर आधी हातमोजे, मग पॅड.

मैदानावरचा सराव

रानात जाण्याआधी आठ-दहा दिवस, रोज वीस मिनिटं, मातीच्या मैदानावर. क्रम महत्त्वाचा आहे.

1. पायाने किंवा खडूने एक मीटरचा चौकोन आखा. मुलाने दहा मीटरवरून यावं आणि पुढचं चाक चौकोनात ठेवून थांबावं. आधी फक्त मागचा ब्रेक, मग दोन्ही. दहापैकी आठ वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. फक्त मागचा ब्रेक लावला की सायकलचा भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं आणि थांबायला जास्त अंतर लागतं. थांबवण्याचं खरं काम पुढचं चाक करतं. पण तो ब्रेक एकदम आवळायचा नाही, हळूहळू दाब वाढवायचा. मुलाला सांगताना "लिंबू पिळ" असं सांगितलं तर लगेच कळतं.

2. दोन्ही पेडल एका पातळीत आणून, सीटवरून उठून, हात-गुडघे थोडे वाकवून नुसतं सरकत जायचं. रानवाटेवर उताराला ही ठेवण कायम लागते. एक पेडल खाली राहिलं तर ते दगडाला लागतं. सीटवर बसून राहिलं तर प्रत्येक धक्का कंबरेत बसतो आणि हँडल हलतं.

3. चार मीटरवर दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा. या वेळी तुम्ही वळणाच्या टोकाला उभे राहून बोटं दाखवा आणि मुलाने आकडा ओरडून सांगायचा. नजर चाकाकडून उठून पुढे जाते ती याच खेळाने. जिकडे नजर तिकडे सायकल. दगडाकडे टक लावून बघणारं मूल त्याच दगडावर जातं.

4. दोन-तीन सेंटिमीटर जाडीची काठी आडवी टाकून तिच्यावरून उभं राहून जाणं.

5. गवताळ, सौम्य उतार. पाच मीटर वर चालत जायचं, बसायचं, सोडायचं, थांबायचं. मग दहा मीटर. मग उताराच्या मध्येच तुम्ही "थांब" म्हणाल तिथे थांबायचं.

शेवटची पायरी पक्की झाली की मूल रानात न्यायला हरकत नाही. "थांब" हा शब्द फक्त याच कामाला ठेवा. "अगं थांब जरा, पाणी पी" असं दिवसभर चाललं की खऱ्या वेळी तो शब्द कानावरून जातो.

उतरायचं कसं तेही शिकवा: कलत्या वाटेवर नेहमी चढाच्या, म्हणजे डोंगराच्या बाजूला पाय टेकायचा. दरीच्या बाजूला टेकायला जमीन खाली असते, पाय पोचत नाही आणि मूल सायकलसकट कलंडतं.

वाट निवडताना

ब्रिटनमध्ये, अमेरिकेत राहणाऱ्यांना वाटेच्या तोंडाशी हिरव्या, निळ्या, काळ्या खुणांचे फलक मिळतात. आपल्याकडे ते नाहीत, म्हणून मोजणी आपणच करायची. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या प्रतवारीत सोपी, हिरवी वाट म्हणजे किमान 90 सेंटिमीटर रुंद, सरासरी चढ-उतार 5 टक्क्यांपर्यंत, कुठेही 15 टक्क्यांहून जास्त नाही आणि टाळता न येणारा दगड किंवा मूळ 5 सेंटिमीटरहून उंच नाही. निळी वाट 60 सेंटिमीटरपर्यंत अरुंद होते आणि अडथळे 20 सेंटिमीटरपर्यंत जातात. पण ही मापं मोठ्यांच्या चाकांना धरून आहेत. 20 इंची चाकाला 20 सेंटिमीटरचा दगड म्हणजे भिंत. तेव्हा पहिलं वर्षभर हिरव्याच्या आत राहा. दहा मीटर चालल्यावर एक मीटर खाली आलात तर तो 10 टक्के उतार. फोनवरच्या उतारमापकानेही कळतं.

वाट आधी स्वतः चालून या, मुलाशिवाय. चालताना तीन गोष्टी बघा: उतार कुठे संपतो, उताराच्या शेवटी वळण, कडा किंवा रस्ता तर नाही ना, आणि मध्येच सोडून घरी येण्याची फाटा-वाट कुठे आहे. उतार संपल्यावर सपाटी किंवा उलटा चढ असेल तर ती वाट मुलांसाठी उत्तम, कारण ब्रेक चुकला तरी जमीनच सायकल थांबवते.

वनखात्याने वणवा अडवण्यासाठी काढलेल्या जाळरेषा आणि बैलगाडीच्या जुन्या वाटा सुरुवातीला सर्वांत चांगल्या: रुंद, मोकळ्या, समोरून येणारा माणूस लांबून दिसतो. याउलट टेकड्यांवर पाणी मुरवण्यासाठी खणलेल्या समतल चरांपासून सावध राहा. हे चर फूटभर खोल असतात आणि वाट ओलांडून किंवा तिच्या अगदी कडेने जातात. ऑक्टोबरात त्यांवर गवत वाढलेलं असतं आणि फेब्रुवारीनंतर वाळलेली पानं साचून ते काठोकाठ भरलेले दिसतात. वरून सपाट जमीन वाटते, लहान चाक अर्धं आत जातं आणि मूल हँडलवरून पुढे. गिरिपुष्पाच्या किंवा सागाच्या झाडीत पानांचा थर दिसला की काठी खुपसून बघा.

पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाई-पाचगाव पर्वतीच्या रानात सोप्या पायवाटा भरपूर आहेत, पण सकाळी चालणाऱ्यांची, त्यातही ज्येष्ठांची गर्दी असते. चालणाऱ्याचा मान पहिला: लांबून घंटी वाजवायची, वेग चालण्याइतका करायचा, गरज पडली तर उतरून बाजूला व्हायचं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला मुलांना सायकलवर नेऊ नका. मुंबईकरांसाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा रस्ता आहे. तो डांबरी आहे, त्यामुळे रानवाटेचा सराव होणार नाही, पण झाडीतून चढ-उताराची सवय लावायला चांगला. आत सायकली भाड्याने मिळतात आणि उद्यान सोमवारी बंद असतं. भीमाशंकर, कोयना, फणसाड किंवा गोव्यातलं भगवान महावीर अशी अभयारण्यं वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली येतात. तिथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, सायकल असो वा नसो. नाक्यावर आधी विचारा आणि ठरलेल्या वाटेवरच राहा.

कुठेही गेलात तरी वळण चुकवून नवी वाट पाडू नका. एक सायकल गवत दाबते, दहा सायकलींनी चर पडतो आणि पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

हंगाम

पावसाळ्यात मुलांना डोंगरउतारावर नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काळ्या दगडावर शेवाळ धरतं, त्यावर कोणताही टायर टिकत नाही, आणि ओल्या वाटेवर चाकोऱ्या पडून वाट कायमची बिघडते. मुरमाची जमीन पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत सायकलजोगी होते. काळ्या मातीला आठवडाही लागतो आणि तोवर ती चाकात-फोर्कमध्ये भरून चाक जाम करते. टायरची खूण बोटाच्या पेराइतकी खोल उमटत असेल तर माघारी फिरा.

ऑक्टोबरात गवत उंच आणि कुसळं मोज्यांत घुसणारी, सापही वाटेवर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून साडेनऊच्या आत घरी, आणि कुठे वणव्याचा धूर दिसला तर त्या टेकडीवर पाऊलही नको. जांभ्याच्या सड्यावर कोरड्या दिवसांत सुटे गोल खडे साचतात. त्यांवर वळताना ब्रेक लावला की पुढचं चाक सटकतं. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ असताना लावायचा.

निघण्याचा दिवस

चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन किलोमीटर पुरे. सहा-सात वर्षांना चार ते सहा, आणि एकूण चढ 50-60 मीटरहून जास्त नको. आठच्या पुढे सराव असेल तर आठ-दहा किलोमीटर. तुम्हाला एकट्याला लागेल त्याच्या तिप्पट वेळ धरा.

पाठपिशवीत: प्रत्येक मुलामागे एक लिटर पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू, मुलाच्या मापाची एक ट्यूब, टायर उतरवण्याच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, ठिगळं आणि सोल्युशन, ॲलन कीचा संच, 15 नंबरचा पान्हा, बँडेज, निर्जंतुक जाळी, सलाइनची लहान बाटली, शिट्टी. शिट्टी मुलाच्या गळ्यात नको, पिशवीच्या पट्ट्याला. आपला पंप मुलाच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरीच बघा; दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे असल्याने रानात पंप निकामी ठरणं हे नेहमीचं आहे.

दोन मोठे असतील तर एक पुढे, एक मागे. एकटे असाल तर सपाटीवर मुलाच्या मागे, उतारावर पुढे: मूल तुमचाच वेग आणि तुमचीच रेघ धरतं. दोन मुलं आणि एक मोठा माणूस, ही जोडी पहिल्या फेऱ्यांना टाळा.

पंधरा-वीस मिनिटं चालवलं की पाच मिनिटं थांबा, तहान लागायची वाट न बघता पाणी द्या. चढावर उतरून ढकलणं यात काही कमीपणा नाही, हे आधीच सांगून ठेवा. थकलेल्या मुलाला ओढायला लवचीक दोरी वापरता येते: एक टोक तुमच्या सीटच्या नळीला, दुसरं मुलाच्या हँडलच्या मधोमध असलेल्या दांड्याला. हँडलच्या एका बाजूला कधीही बांधू नका, सायकल तिकडे वळून पडते. दोरी फक्त चढावर. माथ्यावर पोचलात की आधी दोरी सोडा, मग पाणी प्या. उलट केलं की दोरी राहून जाते.

उतार लागण्याआधी दहा मिनिटं बसा आणि काहीतरी खायला द्या. फेरीतला सर्वांत अवघड भाग तेव्हा येतो जेव्हा बोटं दमलेली असतात. उतार लांब असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी थांबून हात झटकायला लावा. अवघड तुकडा आधी दोघांनी चालत बघावा, मग तुम्ही खाली उभे राहून मुलाला येऊ द्या. जमलं तर तोच तुकडा आणखी दोनदा. एकच पन्नास मीटर तीनदा केल्याने जेवढं शिकणं होतं तेवढं नव्या दोन किलोमीटरांनी होत नाही.

मूल गप्प झालं, उतारावर सीटवर बसून राहू लागलं, सरळ वाटेवर हँडल डुलू लागलं, ब्रेक उशिरा लागू लागला, की फेरी संपली. माथा शंभर मीटरवर असला तरी परत फिरा.

काही बिघडलं तर

पंक्चर झालं की टायर उतरवून आतली बाजू फडक्याने चाचपा, नुसत्या बोटाने नको. काटा टायरमध्येच राहिलेला असतो आणि तो न काढता नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही जाते. नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात थोडी हवा भरा, म्हणजे ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जात नाही.

मूल पडलं तर लगेच ओढून उभं करू नका. हात-पाय त्याला स्वतः हलवू द्या, बोलतं करा. खरचटलेलं स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवा, मुरूम आत राहू देऊ नका. डोकं आपटलं असेल आणि त्यानंतर उलटी, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर थेट रुग्णालय. हँडल पोटात लागलं असेल तर वरून साधा गोल वळ दिसतो आणि मूल खेळायलाही लागतं. पण यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाची इजा काही तासांनी डोकं वर काढते. पोटदुखी, उलटी, चेहरा पांढरा पडणं यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना "हँडल पोटात लागलं" असं स्पष्ट शब्दांत सांगा.

साप दिसला तर थांबून त्याला वाट द्या. घोणस आणि फुरसं पालापाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून बसण्याआधी दगड-खोड नीट बघायची आणि हात बिळात-कपारीत घालायचा नाही, हे मुलांना पाठ असू द्या. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको. अंगठी, कडं, बूट काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, मुलाला उचलून न्या आणि 108 ला फोन करा.

आग्या मोहोळ कड्यांवर आणि उंच झाडांवर असतं. खाली गोंगाट, धूर, दगड मारणं नको. माश्या उठल्या तर सायकली टाकून मुलांचा चेहरा झाकून लांब पळा, झुडपात लपू नका. कुत्री भुंकत आली तर पळवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, हळूहळू मागे या. बिबट्याचा वावर असलेल्या भागात उजाडण्याआधी आणि दिवस मावळताना जाऊ नये, आणि मूल एकटं मागे पडू देऊ नये.

निघताना कुठली टेकडी, कुठली वाट, किती वाजेपर्यंत परत, हे घरी सांगून जा. दऱ्यांत फोन लागत नाही.

परत आल्यावर

मोज्यांतली कुसळं काढा, कानामागे आणि मांडीच्या सांध्यात गोचीड बघा. सायकल कोरड्या ब्रशने झाडा, चेन फडक्याने पुसून तेलाचे थेंब द्या आणि जास्तीचं तेल पुन्हा पुसा, नाहीतर धूळ चिकटून चेन करकरते. रिमवर किंवा डिस्कवर तेल उडू देऊ नका. पेडल, हँडल आणि सीटचे बोल्ट हाताने हलवून बघा. मडगार्ड-कॅरिअर काढल्यावर एखादा बोल्ट सैल राहिलेला असतो. दर महिन्याला मुलाचं बोट पुन्हा लिव्हरवर ठेवून बघा. हात वाढतो तसा तो बारीक स्क्रू थोडा बाहेर घ्यावा लागतो, आणि सीट सगळ्यात वर नेऊनही गुडघा फार वाकू लागला की पुढच्या मापाची वेळ आली.